बी.एस्सी. जीवशास्त्राचं नियोजन: शेवटच्या सेमिस्टरपासून मागे या

दरवर्षी जून-जुलै आला की ज्युनिअर्सचे मेसेज सुरू होतात. "दादा, मेजर बॉटनी घेऊ की झूलॉजी?" "मायक्रोला स्कोप जास्त आहे की बायोटेकला?" प्रश्न विचारणाऱ्याची तळमळ खरी असते, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं. पण गंमत अशी, की पुढे संशोधनात जायचं असेल तर या प्रश्नाच्या उत्तराने फारसा फरक पडत नाही. बॉटनीवाले पुढे कॅन्सर बायोलॉजीत काम करताना दिसतात, मायक्रोवाले मातीच्या परिसंस्थेवर. फरक पडतो तो मेजरच्या आजूबाजूला तुम्ही काय घेता, आणि कोणत्या क्रमाने घेता, यावर. आणि हा प्रश्न जवळजवळ कोणीच विचारत नाही.

हा लेख त्याच प्रश्नाबद्दल आहे. तुम्ही एफवायला असाल किंवा एसवायच्या उंबरठ्यावर असाल, आणि मनात कुठेतरी "पीएचडी करावी का?" असं घोळत असेल, तर हे तुमच्यासाठी. टीवायला असाल तरी शेवटचे भाग वाचा, उपयोग होईल.

आधी हिशोब: तुमच्या हातात नेमकं किती आहे?

नव्या शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातल्या बहुतेक विद्यापीठांच्या आराखड्यात एका सेमिस्टरला २२ क्रेडिट असतात. म्हणजे तीन वर्षांचे १३२ आणि चार वर्षांचे १७६. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. हे आकडे लक्षात ठेवा, कारण क्रेडिट म्हणजे शेवटी तुमच्या आयुष्यातले तास आहेत.

हे क्रेडिट वेगवेगळ्या डब्यांत वाटलेले असतात. मेजर हा सगळ्यात मोठा डबा. त्यानंतर मायनर, साधारण २० क्रेडिटच्या आसपास. मग ओपन इलेक्टिव्ह म्हणजे ओई, व्होकेशनल स्किलचे व्हीएससी, स्किल एन्हान्समेंटचे एसईसी, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानपरंपरा, फील्ड प्रोजेक्ट, ऑन जॉब ट्रेनिंग वगैरे. पहिल्यांदा हे वाचताना डोकं गरगरतं, ते साहजिक आहे.

पण नीट पाहिलं तर यातलं बरंचसं आधीच ठरलेलं आहे. मेजरचे बहुतेक पेपर सक्तीचे. भाषा आणि मूल्यशिक्षण सगळ्यांनाच. ओई आपल्या विद्याशाखेच्या बाहेरचाच घ्यावा लागतो, त्यामुळे "गणित ओईमध्ये उरकून टाकू" हा बेत सायन्सवाल्यांना जमत नाही. मग खरी निवड उरते ती चार ठिकाणी: मायनर, स्किलचे पेपर, मेजरमधले इलेक्टिव्ह, आणि प्रोजेक्ट व ट्रेनिंग. यात सगळ्यात वजनदार निवड मायनरची. अनेक विद्यापीठांत ती पहिलं वर्ष संपताना होते आणि नंतर बदलणं अवघड जातं. आणि नेमकी हीच निवड बरेच जण "मैत्रीण काय घेतेय" किंवा "कुठल्या पेपरला मार्क पडतात" एवढ्यावर करून मोकळे होतात.

निवडीची एकच कसोटी

कुठलाही पेपर समोर आला की स्वतःला विचारा: हे मला नंतर एकट्याने शिकता येईल का?

या कसोटीवर विषयांचे तीन गट पडतात.

पहिला गट, जो पुढे वाचून भागतो. प्राण्यांचं वर्गीकरण, एखादा चयापचय मार्ग, हार्मोन्सची यादी, उत्क्रांतीचा इतिहास. हे महत्त्वाचं नाही असं अजिबात नाही. पण चांगलं पुस्तक आणि दोन आठवडे मिळाले तर हे तुम्ही स्वतः उभं करू शकता. पीएचडीच्या पहिल्या वर्षात सगळेच करतात.

दुसरा गट, जो सावकाश आणि क्रमानेच चढतो. गणित, संख्याशास्त्र, रसायनशास्त्र, प्रोग्रॅमिंग. इथे पुढची पायरी मागच्या पायरीवर उभी असते. रोज थोडी गणितं सोडवावी लागतात, चुकावं लागतं, कोणीतरी ती चूक दाखवावी लागते. लॉगॅरिदम समजला नसेल तर पीएच अर्धवटच समजतो, आणि पीएच अर्धवट समजला की बफर पाठ करावा लागतो.

तिसरा गट, जो हातानेच येतो. पिपेट धरणं, स्टराइल काम, सूक्ष्मदर्शकाखाली नक्की काय बघायचं हे कळणं, शेतात उभं राहून कीटक ओळखणं, वही लिहिणं. यूट्यूबवर पाहून पोहायला येत नाही, तसंच हे.

नियम साधा आहे: जिथे निवड तुमच्या हातात आहे, तिथले क्रेडिट दुसऱ्या आणि तिसऱ्या गटावर खर्च करा. पहिल्या गटाची सोय मेजर करतोच. बॉटनी मेजर असताना मायनरही झूलॉजी घेतलं तर तो गुन्हा नाही, मला दोन्ही विषय प्रिय आहेत. पण बहुतेक वेळा त्यात पहिल्या गटाचीच भर जास्त पडते.

"पण गणित नको म्हणूनच तर बायोलॉजी घेतली!"

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसूही येत नाही. बारावीला गणित सोडून बायोलॉजी घेतलेले कितीतरी जण मेडिकलचं ध्येय ठेवून येतात, तिथे जमलं नाही की बी.एस्सी.ला येतात, आणि गणिताची भीती सोबत घेऊन येतात. त्या भीतीबद्दल कोणाला दोष द्यायचं कारण नाही. पण जीवशास्त्रात संख्या कुठे येतात, हे एकदा डोळ्यांनी बघून घ्या.

मेंडेलचं उदाहरण घेऊ. ३:१ हे गुणोत्तर आपण सगळ्यांनी पाठ केलंय. मेंडेलने हे काम १८६५ मध्ये मांडलं आणि १८६६ मध्ये ते छापून आलं. त्याच्या नोंदीत एका झाडावर ४५ गोल आणि १२ सुरकुतलेले वाटाणे आहेत, म्हणजे पावणेचारास एक. दुसऱ्या एका झाडावर १९ गोल आणि १० सुरकुतलेले, म्हणजे दोनास एकपेक्षाही कमी. मग ३:१ आलं कुठून? सगळ्या झाडांची बेरीज केल्यावर ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले, म्हणजे २.९६ : १.

आता विचार करा. तुमच्या प्रॅक्टिकलमध्ये १९ आणि १० आले असते तर तुम्ही काय म्हणाला असता? "प्रयोग चुकला," असंच ना? मेंडेल तसं म्हणाला नाही. लहान नमुन्यात आकडे डोलतात, मोठ्या नमुन्यात ते स्थिरावतात, ही जाण त्याला होती. व्हिएन्ना विद्यापीठात १८५१ ते १८५३ या काळात त्याने भौतिकशास्त्र आणि गणितही शिकलं होतं, ही गोष्ट आपल्या पुस्तकांत सहसा एका ओळीत उरकली जाते.

आता आजच्या पद्धतीने पाहू. एकूण वाटाणे ७३२४. खरोखर ३:१ असतं तर ५४९३ आणि १८३१ अपेक्षित होते. प्रत्यक्षात फरक फक्त १९ वाटाण्यांचा. काय-स्क्वेअर काढायचा म्हणजे फरकाचा वर्ग भागिले अपेक्षित संख्या, दोन्ही गटांसाठी, आणि मग बेरीज: ३६१ भागिले ५४९३, अधिक ३६१ भागिले १८३१. उत्तर येतं साधारण ०.२६. एका स्वातंत्र्यमात्रेसाठी ५ टक्के पातळीची सीमा ३.८४ आहे. आपण त्याच्या आसपासही नाही. म्हणजे हे आकडे ३:१ शी व्यवस्थित जुळतात. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम, वजाबाकी आणि भागाकारापलीकडे काहीही नाही. अवघड असतं ते "हे कधी वापरायचं आणि कधी नाही" हे समजणं. त्यालाच वर्ग लागतो, शिक्षक लागतो, वेळ लागतो.

दुसरं उदाहरण पीसीआरचं. प्रत्येक चक्रात डीएनए दुप्पट झाला तर ३० चक्रांनंतर एका रेणूचे साधारण १०७ कोटी होतात. आता समजा तुमची प्रक्रिया थोडी कमी कार्यक्षम आहे आणि प्रत्येक चक्रात २ ऐवजी १.९ पटच वाढ होते. शेवटी किती कमी मिळेल? बहुतेक जण पटकन "थोडंसं कमी" म्हणतात. प्रत्यक्षात मिळतात साधारण २३ कोटी, म्हणजे पाव हिश्शापेक्षाही कमी. घातांक अंगवळणी पडले असतील तर हे आधीच जाणवतं. नसतील तर माणूस आठवडाभर "केमिकल खराब आहे का?" म्हणून शोधत बसतो.

आणि हे परदेशातलंच शास्त्र आहे असंही समजू नका. पानसे आणि सुखात्मे या दोन मराठी माणसांनी लिहिलेलं, शेतीतल्या प्रयोगांसाठीच्या संख्याशास्त्राचं पुस्तक भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९५४ मध्ये काढलं. कृषी विद्यापीठांतल्या कितीतरी पिढ्यांनी आपल्या प्रयोगांची मांडणी त्यावरून केली आहे.

तर मायनरसाठी माझी पहिली पसंती संख्याशास्त्र. कॉलेजात ते नसेल, किंवा बारावीला गणित नसल्यामुळे तुमच्या विद्यापीठाचा नियम आड येत असेल, तर दुसरी पसंती रसायनशास्त्र.

रसायनशास्त्राला सावत्र वागणूक नको

पहिलं वर्ष संपलं की "सुटलो एकदाचे केमिस्ट्रीतून" असा सूर असतो. थोडं थांबा. जीवशास्त्राच्या कुठल्याही प्रयोगशाळेत पहिल्या महिन्यात तुम्हाला काय करावं लागतं? द्रावणं बनवावी लागतात. १ मोलर साठा द्रावण आहे, त्यातून ५० मिलिमोलरचं २०० मिलिलीटर हवंय, किती घ्याल? (१० मिलिलीटर घ्यायचं आणि पाणी घालून एकूण २०० करायचं.) हे गणित कागदावर सगळ्यांना येतं. पण नमुना संपत आलेला, घड्याळ पुढे सरकतंय, अशा वेळी न अडखळता यायला हवं. ते सरावानेच येतं.

विकरांचं घ्या. लाळेतलं अमायलेज आणि स्टार्च-आयोडीनचा प्रयोग सगळ्यांनी केलेला असतो. निळा रंग जातो, जर्नलमध्ये "निरीक्षण" लिहिलं की विषय संपला. पण त्याच प्रयोगात स्टार्चचं प्रमाण बदलत नेलं आणि वेग मोजला, तर १९१३ मध्ये मिकेलिस आणि मेंटेन यांनी मांडलेला आलेख तुमच्याच टेबलावर उभा राहतो. आधी वेग झपाट्याने वाढतो, मग सपाट होत जातो. का सपाट होतो? कारण विकराचे सगळे रेणू कामाला लागलेले असतात. औषध एखाद्या विकराला कसं अडवतं, हा प्रश्न याच आलेखावरून सुरू होतो. सेंद्रिय आणि भौतिक रसायनशास्त्राचा एकेक नीट शिकलेला पेपर इथे फार कामाला येतो.

स्किलचे पेपर वाया घालवू नका

व्हीएससी आणि एसईसी म्हणजे "सोपे मार्क" अशी समजूत आहे. याच डब्यात अनेक कॉलेजांत बायोस्टॅटिस्टिक्स, बायोइन्फॉर्मॅटिक्स, आर किंवा पायथॉनची ओळख, टिश्यू कल्चर, माती-पाणी परीक्षण असे पेपर असतात. दोन क्रेडिटचं प्रॅक्टिकल म्हणजे ६० तास. ६० तासांत आरमध्ये फाइल उघडणं, आलेख काढणं आणि साधी चाचणी लावणं एवढं नक्की जमतं. पुढे कुठल्याही लॅबमध्ये इंटर्नशिप मागताना "मला हे येतं" असं खात्रीने म्हणता येईल, अशी गोष्ट बी.एस्सी.च्या काळात फार थोड्यांकडे असते. ती तुमच्याकडे असू द्या.

आता मुख्य मुद्दा: उलटं नियोजन

आपण सहसा पहिल्या सेमिस्टरपासून पुढे बघतो. संशोधनात जायचं असेल तर शेवटून मागे या. एक काल्पनिक पण अगदी होऊ शकेल असं उदाहरण घेऊन करून बघू.

समजा तुम्ही झूलॉजी मेजरला आहात, घर शेतीचं आहे, आणि टीवायला तुम्हाला हा प्रश्न घ्यायचाय: बांधावर झाडं-झुडपं राखलेल्या तुरीच्या शेतात, बांध साफ केलेल्या शेतापेक्षा जास्त मधमाश्या येतात का? प्रश्न चांगला आहे, खर्च जवळजवळ शून्य आहे, आणि तुमच्याशिवाय हा कोणी चांगला करू शकणार नाही.

आता मागे चला.

सहाव्या सेमिस्टरला अहवाल लिहायचा आहे. हे सेमिस्टर साधारण डिसेंबर-जानेवारीत सुरू होतं. पण खरिपाची तूर फुलते ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास! म्हणजे निरीक्षणं पाचव्या सेमिस्टरलाच घ्यायला हवीत. पीक सेमिस्टरचं वेळापत्रक पाळत नाही.

पाचव्यात निरीक्षणं घ्यायची तर प्रयोगाची मांडणी त्याआधी ठरलेली हवी. किती शेतं घ्यायची? इथे एक सापळा आहे. एकाच शेतात दहा चौकटी आखल्या तर ती दहा शेतं होत नाहीत, ते एकच शेत राहतं, दहा वेळा मोजलेलं. बांधाचा परिणाम तपासायचा तर दोन्ही प्रकारची वेगवेगळी शेतं हवीत. हे कळायला नमुना निवड आणि प्रयोग मांडणीचा पेपर चौथ्या सेमिस्टरपर्यंत झालेला हवा.

फुलावर आलेला कीटक मधमाशी आहे, भुंगा आहे की माशी, हे ओळखता यायला हवं. ती नजर एका दिवसात येत नाही. म्हणजे कीटकशास्त्राचं प्रॅक्टिकल तिसऱ्या-चौथ्या सेमिस्टरला मन लावून करायचं.

आणि छोटी चाचणी पाहणी? तीही तूर फुलली असतानाच होणार. म्हणजे एसवायचा ऑक्टोबर, तिसरं सेमिस्टर. तुमच्या आराखड्यात दुसऱ्या वर्षी फील्ड प्रोजेक्ट असेल तर तो इथेच बसवा. दोन शेतं, चार सकाळी, एक वही. एवढंच. पण त्यातून कळेल की सकाळी आठला माश्या येतात की अकराला, आणि दहा मिनिटांत मोजणी जमते की वीस लागतात.

पाहिलंत ना? टीवायच्या प्रोजेक्टची सुरुवात एसवायच्या दिवाळीआधी झाली. आणि मायनर तर त्याहीआधी, एफवाय संपताना ठरला. टीवायला जानेवारीत "सर, प्रोजेक्टचा विषय द्या" म्हणून उभं राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातून ही तूर तेव्हाच निसटलेली असते. मग वाट्याला येतो तो इंटरनेटवरून जुळवलेला, स्पायरल बाइंडिंग केलेला "प्रोजेक्ट".

तुमचा प्रश्न बॅक्टेरियाचा असेल तर ऋतूचं बंधन सैल होतं, पण साखळी तशीच राहते. प्रोजेक्टला स्टराइल तंत्र लागतं, त्याला मायक्रोबायोलॉजीचं प्रॅक्टिकल लागतं, वाढीचा आलेख समजायला लॉगॅरिदम लागतो. प्रश्न बदला, मागे चालत येण्याची पद्धत तीच.

पुढचे दरवाजे काय मागतात?

नियोजन करताना प्रवेश परीक्षा डोक्यात असू द्या, पण त्यांचा रट्टा आत्ताच नको. फक्त त्यांचा कल समजून घ्या.

- जॅम बायोटेक्नॉलॉजी: या पेपरात जीवशास्त्रासोबत रसायन, भौतिक आणि गणितही असतं.
- गॅट-बी: पहिल्या विभागात भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्राचे बारावीच्या पातळीचे ६० सक्तीचे प्रश्न असतात. दुसरा विभाग पदवी पातळीचा.
- सीएसआयआर नेट, लाइफ सायन्सेस: अभ्यासक्रमाचे १३ घटक. शेवटच्या घटकात जीवशास्त्रातल्या पद्धती येतात, त्यात संख्याशास्त्रही आहे. भाग 'अ' मध्ये सगळ्यांसाठी सामान्य तर्क आणि आकडेमोड असते.

यातून काय दिसतं? गणित सोडलं म्हणून ते तुम्हाला सोडत नाही. तीन वर्षं न वापरता ठेवलं तर टीवायला क्लास लावून नव्याने सुरू करावं लागतं, तेही इतर सगळ्या गडबडीत.

आता चौथ्या वर्षाबद्दल. यूजीसीच्या आराखड्यानुसार चार वर्षांची 'ऑनर्स विथ रिसर्च' पदवी घ्यायची तर पहिल्या सहा सेमिस्टरना ७५ टक्के किंवा त्याहून जास्त गुण लागतात, आणि त्यात १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प असतो. चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर थेट पीएचडीसाठी पात्रता मिळते. राखीव प्रवर्गांना या अटीत ५ टक्क्यांची सवलत आहे. शिवाय चार वर्षं केलेल्यांना पुढे एम.एस्सी. एका वर्षाची. पण ऑनर्स विथ रिसर्च प्रत्येक कॉलेजात नसतो. तुमच्याकडे आहे का, किती जागा आहेत, गाईड कोण, हे एसवायलाच विचारून ठेवा. नसेल तर तीन वर्षांची पदवी आणि एम.एस्सी. हा जुना रस्ता आजही उत्तम आहे. इंटिग्रेटेड पीएचडी हा तिसरा रस्ता: बंगळुरूची आयआयएससी आणि एनसीबीएस, पुण्याचं आयसर इथे पदवीनंतर थेट अर्ज करता येतो.

अवघड पेपर घेतले आणि मार्क घसरले तर?

हा खरा पेच आहे, आणि तो बाजूला सारून चालणार नाही. एकीकडे मी सांगतोय अवघड विषय घ्या, दुसरीकडे ७५ टक्क्यांची अट आहे. मग?

माझं म्हणणं असं. एका सेमिस्टरला एकच "डोंगर" ठेवा. संख्याशास्त्र, भौतिक रसायन आणि प्रोग्रॅमिंग एकदम अंगावर घेऊ नका. निवड असेल तिथे ते वेगवेगळ्या सेमिस्टरना पसरा, आणि डोंगर असलेल्या सेमिस्टरला ओई हलका घ्या, आवडीचा घ्या. मराठी साहित्य, संगीत, अर्थशास्त्र, जे मनाला बरं वाटेल ते. त्यालाही किंमत आहे.

दुसरं, प्रॅक्टिकलची क्रेडिट विसरू नका. नियमित हजेरी आणि नीट जर्नल एवढ्यावर तिथे गुण टिकतात आणि थिअरीत गेलेले थोडे भरून निघतात. आणि सुट्टीत नोकरी करणारे, घरचं काम सांभाळणारे, रोज दोन तास एसटीने ये-जा करणारे विद्यार्थी असतील, त्यांनी तर तासांचा हिशोब आधी करावा. चार क्रेडिटच्या एखाद्या पेपरात दोन थिअरी आणि दोन प्रॅक्टिकल असतील तर सेमिस्टरभरात ३० अधिक ६० असे ९० तास कॉलेजातच जातात. घरचा अभ्यास वेगळा. हे तास कुठून येणार, हे कागदावर लिहूनच निवड करा.

कॉलेजात हे पेपरच नाहीत, मग काय?

तालुक्याच्या कॉलेजात मायनरचे दोनच पर्याय असतात, कधी एकच असतो. ही अडचण खरी आहे आणि त्यात तुमचा दोष नाही. तरी काही वाटा आहेत.

'स्वयम्'वरचे अभ्यासक्रम मोफत शिकता येतात. यूजीसीच्या नियमांनुसार एका सेमिस्टरच्या ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट 'स्वयम्'मधून घेता येतात आणि ते तुमच्या अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात जमा होतात. पण त्यासाठी कॉलेजची आणि विद्यापीठाची मान्यता सेमिस्टर सुरू होण्याआधी घ्या, लेखी घ्या. क्रेडिट मिळत नसेल तरी एक अभ्यासक्रम पूर्ण करा, शिकलेलं कुठे जात नाही.

दुसरी वाट माणसांची. तुमच्या कॉलेजात संख्याशास्त्र विभाग नसेल, पण गणिताचे सर असतील, भूगोलाच्या मॅडम असतील. भूगोलवाले नमुना निवड आणि आलेख रोज वापरतात. आठवड्यातून एक तास मागून बघा. फार थोडे शिक्षक नाही म्हणतात.

तिसरी वाट उन्हाळ्याची. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात, दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या लॅबमध्ये काम करता येतं. उन्हाळ्याचे अर्ज हिवाळ्यातच भरायचे असतात, हे ध्यानात ठेवा. एप्रिलमध्ये शोधायला गेलात तर उशीर झालेला असतो.

या आठवड्यात करायचं काम

लेख वाचून "छान आहे" म्हणून पुढे जाऊ नका. एवढं करा.

१. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून तुमच्या मेजरचा पूर्ण अभ्यासक्रम उतरवून घ्या, सहाही सेमिस्टरचा. नुसती पेपरची नावं नकोत, आतले घटक वाचा. 'बायोटेक्निक्स' नावाच्या पेपरात कधी निम्मं संख्याशास्त्र असतं, कधी एक ओळही नसते.

२. एका कागदावर सहा रकाने आखा. आधी सक्तीचे पेपर भरा. जे रिकामं उरलं, तेवढंच तुमच्या हातात आहे.

३. सहाव्या रकान्यात तळाला एक प्रश्न लिहा, जो तुम्हाला खरंच पडतो. तो पुढे बदलेल, बदलू द्या. पण प्रश्न लिहिल्याशिवाय मागे चालत येता येत नाही.

४. त्या प्रश्नाला काय काय लागेल ते मागच्या रकान्यांत भरत या: कुठलं तंत्र, कुठलं गणित, कुठला ऋतू.

५. तो कागद घेऊन तुमच्या एका शिक्षकांकडे जा आणि विचारा, "सर, यातलं काय जमणार नाही?" "मी काय घेऊ?" असं विचारलं की सल्ला मिळतो. कागद पुढे ठेवून विचारलं की चर्चा होते.

मायनरचा फॉर्म भरायची मुदत बहुतेक ठिकाणी काही दिवसांचीच असते आणि नोटीस बोर्डावर लागते तेव्हा निम्मी संपलेली असते. कागद त्याआधी तयार असू द्या. आणि आखताना कुठे अडलात तर तुमचं विद्यापीठ, मेजर आणि तो शेवटच्या रकान्यातला प्रश्न लिहून पाठवा. मेजर कुठला यापेक्षा तुमचा प्रश्न काय आहे, हे वाचायला मला जास्त आवडेल.